बुवांच्या यंत्राला दोन मानकरी

आटपाडीजवळच्या त्या गावात वीरधवलइतका पक्का शब्द कुणी दिला नसेल. कृष्णातबुवांना देवाघरी जाऊन वर्ष होत आलं होतं. कीर्तनात त्यांच्यामागं बारा वर्षं टाळ धरलेल्या वीरधवलनं बुवांच्या मंडळींना, धोंडुबाईंना, सांगून टाकलं, "काकू, वर्षश्राद्धाला बुवांचं शेवटचं कीर्तन अख्खं ऐकवतो. मधी खंड पडला तर नावाचा वीरधवल न्हाई."

ते कीर्तन देवळाच्या ऑफिसातल्या संगणकात होतं, आणि त्याची दुसरी प्रत नव्हती. वीरधवलनं त्या एका खोक्यात तीन आभासी संगणक थाटले होते, एका घरात तीन बिऱ्हाडं असावीत तसे. एक कॅमेऱ्यांचा, एक भक्तनिवासाचा आणि तिसऱ्याचं नाव 'बुवा'. हा तिसरा चालू झाला की कीर्तन लागायचं, कीर्तन संपलं की आपोआप बंद व्हायचा.

या बिऱ्हाडांवर देखरेख ठेवायला एक मुक्त साधन, म्हणजे सॉफ्टवेअर, हवं होतं. कुणालाही फुकट मिळणारं, आतली घडण उघडी असलेलं. गावातून दोन नावं आली. देवस्थानचे अध्यक्ष, माजी सुभेदार लालासाहेब, यांनी फलटणच्या कारखान्यात असलेल्या आपल्या मुलानं, जयराजनं, सुचवलेलं साधन आणलं. मंडप-स्पीकरवाल्या इलियासभाईंनी पुण्यात नोकरीला असलेल्या लेकीनं, मिस्बाहनं, सुचवलेलं. आता ज्या गावात दोन्ही घरांना मान दिल्याशिवाय जत्रेचा नारळ फुटत नाही, तिथं एकाला नाही कसं म्हणायचं? वीरधवलनं दोन्ही बसवली. वर्षश्राद्धाच्या दिवशी दुपारी बाराला दुसरंही चढलं आणि तो समाधानानं सतरंज्या अंथरायला गेला.

एकच्या सुमाराला सतरंज्या अंथरणारे वीरधवल आणि लालासाहेब सोडले तर मंडपात चिटपाखरू नव्हतं. ऊन पांढरं पडलं होतं. स्पीकर खरखरला.

"आला का सगळी? मी कवाधरनं वाट बघतोय."

बुवांचा आवाज. तोच घोगरा, तोच मायेचा. आणि मग एकदम बंद.

लालासाहेबांच्या हातातलं सतरंजीचं टोक तसंच राहिलं. अर्ध्या मिनिटानं पुन्हा, "आला का सगळी? मी कवाधरनं..." आणि मधेच गळा दाबल्यासारखा आवाज तुटला.

सरहद्दीवर सोळा वर्षं काढलेल्या माणसानं अगदी हळू विचारलं, "तू लावलंस का रं?"

"न्हाई आबा. चारला लावायचंय. आता बंद हाय."

दोघं ऑफिसात गेले. पडद्यावर लिहिलेलं होतं, 'बुवा : बंद'. कळफलकाला कुणाचा हात नव्हता. बघता बघता 'बंद' पुसलं गेलं आणि 'चालू' झालं. बाहेर बुवांनी पुन्हा विचारलं, सगळी आला का. लालासाहेबांनी टोपी काढली. इलियासभाई दारातूनच म्हणाले, "वायर माझी हाय साहेब, आवाज माझा न्हाई."

अडीचपर्यंत गावभर झालं, की बुवा बोलावतायत. मंडपात पाऊल टाकायला कुणी तयार होईना. वीरधवलला भीती वेगळीच होती. अशी दचकत उठबस करताना ती एकुलती एक प्रत बिघडली तर? आणि चार वाजता काकू येतील, तेव्हा त्यांच्या कानावर नवऱ्याची ही तुटकी हाकच पडायची का? त्यानं 'बुवा' हे यंत्र स्वतः बंद केलं. ते उठलं. पुन्हा केलं. पुन्हा उठलं.

शेवटी इलियासभाईंनी लेकीला फोन लावून वीरधवलच्या हातात दिला. मिस्बाहनं सगळं ऐकून घेतलं.

"काका, दोन्ही साधनं एकाच संगणकावर? एकाला काय सांगितलंय?"

"चारपतुर बुवांना बंद ठेव."

"आणि दुसऱ्याला?"

"कुणी बंद पडलं की लगेच उठव."

"मग एक झोपवतंय, दुसरं उठवतंय, म्हणून कीर्तनाची पहिलीच ओळ पुन्हा पुन्हा वाजतेय. दोन्ही कशाला लावली?"

"मान राखायला," वीरधवल म्हणाला.

एक काढायचं होतं. सकाळपर्यंत आपापल्या साधनासाठी छाती काढून बसलेले दोघं आता एकमेकांना पुढं करू लागले. लालासाहेब म्हणत, जयराजचं काढ, आमचा काही हट्ट नाही. इलियासभाई म्हणत, छे, मिस्बाहचंच काढा. त्यातच चार वाजले, आणि घाईत वीरधवलनं झोपवणारं काढून टाकलं.

तेवढ्यात धोंडुबाई आल्या, तसा बिचकत बिचकत गावही आला. आणि देवाची कृपा बघा, कीर्तन दोन तास एकसलग झालं. कुठं खरखर नाही, खंड नाही. धोंडुबाई डोळे मिटून बसल्या होत्या. हात मात्र गजराच्या तालावर मांडीवर पडत होता. वीरधवलचा ऊर भरून आला.

आरती झाली, प्रसाद वाटायला घेतला आणि स्पीकर खरखरला.

"आला का सगळी? मी कवाधरनं वाट बघतोय."

निम्मा मंडप उभा राहिला. वीरधवल ऑफिसात धावला आणि तोंड पाडून परत आला. उठवणारं साधन आपलं काम चोख करत होतं. "काकू, आता बुवा बंदच हुईनात."

धोंडुबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. स्पीकरपाशी जाऊन पदर सावरला.

"आवं, लोकांस्नी घरी जाऊ द्या की. जित्तेपणीबी तुमाला कीर्तनातनं असंच उठवाया लागायचं," असं म्हणून त्यांनी पिन उपटली.

मग ती वायर वीरधवलच्या हातात देत म्हणाल्या, "ह्येबी ठिव तुज्या साधनांत. फुकटच हाय."