उत्तमराव आणि सेवानिवृत्त जीपगाड्या

आमच्या शेजारच्या उत्तमरावांनी उजव्या अंगठ्याचं नख वाढवलं आहे. ते त्यांनी दुसऱ्यांच्या जिपांचा रंग खरवडण्यासाठी राखलं आहे. रस्त्यात कुठलीही जुनी जीप उभी दिसली की ते थांबतात, दाराच्या खालच्या कोपऱ्यात नखाने हळूच खरवडतात आणि आतून निळा रंग निघतो का ते बघतात. मग टपावरून हात फिरवतात. पूर्वी दिवा बसवलेला असेल तर त्याची भोकं पुट्टी भरून बुजवलेली असतात, ती त्यांच्या बोटांना बरोबर लागतात. तोवर जीपवाला बाहेर आलेला असतो. तो काही बोलायच्या आत उत्तमराव विचारतात, "हिची पहिली नेमणूक कुठली?"

पोलीस खात्यातून मोडीत निघालेल्या गाड्यांचा इतिहास हा त्यांचा छंद आहे. परभणी जिल्ह्यातल्या कुठल्या ठाण्याची कुठली जीप लिलावात कुणी घेतली आणि तिचं पुढे काय झालं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. आणखी कुणाला जाणून घ्यायचं आहे, असंही मला आढळलेलं नाही.

त्यांची स्वतःची नोकरी एका सरकारी कचेरीत, आस्थापना विभागात झाली. बत्तीस वर्षं लोकांच्या सेवापुस्तिका लिहिल्या. निवृत्त झाल्यावर हाताची सवय जाईना, म्हणून जिपांच्या लिहायला घेतल्या. प्रत्येक जिपेची वेगळी वही. रुजू झाल्याचा दिनांक, बदल्या, गॅरेजमध्ये होती तो काळ 'वैद्यकीय रजा'. एक जीप हँडब्रेक न लावल्यामुळे उतारावरून आपोआप निघाली आणि आठवडी बाजारात कांद्याच्या ढिगाला जाऊन टेकली. तिच्या वहीत नोंद आहे : 'पूर्वपरवानगीशिवाय मुख्यालय सोडले. समज देण्यात आली.'

मी विचारलं, "समज कुणी दिली?"

"मीच दिली," उत्तमराव म्हणाले. "वहीत जागा रिकामी ठेवून कसं चालंल?"

त्यांच्यासमोर भंगार हा शब्द काढायचा नाही. "भंगार म्हणू नका. सेवानिवृत्त म्हणा. उद्या तुमाला कुणी भंगार म्हणलं तर?" माझ्या नोकरीची चार वर्षं राहिली आहेत. मी तो शब्द सोडला.

माझ्या पुतणीचं लग्न झरीला होतं. नवरदेव उघड्या जिपेतून वाजतगाजत मांडवाशी आला. सगळे ओवाळायला पुढे झाले, उत्तमराव मागच्या बाजूला गेले. झेंडूच्या माळा बाजूला सारून त्यांनी काहीतरी चाचपलं आणि समाधानाने नवरदेवाला सांगितलं, "चांगली गाडी हाय. सात वर्षं गंगाखेडला होती. लय लोकांना धरून नेलंय हिनं."

नवरदेवाने एकदा मागे वळून पाहिलं. मग तो खाली उतरला आणि उरलेलं अंतर चालत आला.

माहिती मिळवायला ते ठाण्यातही जातात. एकदा मी सोबत होतो. हवालदाराने विचारलं, "काय, गाडी चोरीला गेली का?"

"न्हाई," उत्तमराव म्हणाले. "तुमची जुनी गाडी सध्या कुठं हाय ते सांगायला आलो."

हवालदाराने आम्हाला दोन तास बाकावर बसवून ठेवलं. बाहेर पडताना उत्तमरावांनी आवारातल्या नव्या गाडीकडे बघितलं आणि म्हणाले, "हिला अजून अवकाश हाय." हवालदाराने आम्हाला परत आत बोलावलं.

एरवी गाड्यांना भेटायला ते एकटेच जातात. एसटीने जातात, संध्याकाळी परत येतात. कोणती जीप पाणी वाहते, कोणती बँडवाल्यांकडे आहे, कोणाच्या शेतात पालथी पडली आहे, ते मला येऊन सांगतात. "खैरियत हाय," असा शेवट असतो. पण गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले. "पालमला जायलोय. तुमी चला सोबत."

"काही विशेष?"

"दोघं असलेलं बरं."

पालमच्या बाहेर अर्धा तास चालल्यावर एका धनगराची वस्ती लागली. घरापुढे एक जीप दगडांवर टेकवलेली. चाकं नव्हती, इंजिन नव्हतं, पुढची काच नव्हती. आत शेळीची करडं बसली होती. कोंडाबाई म्हणून पन्नाशीची बाई होती, ती म्हणाली, "थंडीची आत बसत्यात. उबारा हाय."

उत्तमरावांनी खिशातून एक चिठ्ठी काढली, खाली वाकले, चेसिसवरचा आकडा चिठ्ठीशी जुळवून पाहिला. परत पाहिला. मग चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली.

"आमच्या वडलांची हाय," ते म्हणाले.

कोंडाबाई सावध झाली. "आमी इकत घेतलीय बरं का. कागद हाय."

"तसं न्हाई बाई. ते चालवायचे. सोनपेठ ठाण्याला ड्रायव्हर होते."

आम्ही पंधरा वर्षं शेजारी राहतो. मला हे माहीत नव्हतं.

मग ते थोडं थोडं सांगू लागले. शाळा घरापासून दोन-अडीच किलोमीटर होती. रोज सकाळी वडील साहेबांना आणायला त्याच रस्त्याने रिकामी जीप घेऊन जायचे. पोरगा पायी, बाप गाडीत. एकदाही थांबले नाहीत. आईने भांडून पाहिलं. वडील म्हणायचे, गाडी सरकारची हाय, माझ्या बापाची असती तर बसवलं असतं.

"एकदा पायात बाभळीचा काटा मोडला होता," उत्तमराव म्हणाले. "लंगडत चाललो होतो. गाडी हळू झाली. मला वाटलं, थांबायलीय. त्यांनी बघितलं, अन् गेले. सांजच्याला काटा त्यांनीच काढला. सुईनं. लय वेळ लागला. तेव्हाबी काही बोलले न्हाईत."

"मग?"

"मग काय. नोकरीत असतानाच वारले. गाडी त्यांच्यामागं सहा वर्षं चालली."

कोंडाबाई ऐकत होती. ती म्हणाली, "मग बसून तर बघा की, पाव्हणं." आणि तिने पुढच्या सीटवरची दोन करडं उचलून खाली सोडली.

उत्तमराव वळसा घालून डाव्या बाजूला गेले आणि ड्रायव्हरशेजारच्या जागेवर बसले. मीही बसावं म्हणून स्टेअरिंगकडचं दार ओढलं.

"तिकडं नका बसू," ते म्हणाले.

मी दार परत लावलं आणि बाहेरच उभा राहिलो. ते गुडघ्यांवर हात ठेवून, ताठ, समोर बघत बसले. समोर ज्वारीचं रान होतं. मागच्या सीटवरून एक करडू त्यांच्या शर्टाची कॉलर हुंगत होतं, त्याला त्यांनी हुंगू दिलं.

कोंडाबाई चहा घेऊन आली. हसून म्हणाली, "कुठवर चालला मग, पाव्हणं?"

"शाळेपर्यंत," उत्तमराव म्हणाले.

तिचं हसू थांबलं. चहाचे कप तिने बॉनेटवर ठेवले आणि ती घरात गेली. परतीची चारची बस निघून गेली असणार. मी त्यांना वेळ सांगितली नाही.