म्हात्रे सरांचं फाटक

आमच्या रेवदंड्यात कुणाकडेही सत्यनारायण असला की म्हात्रे सर आमंत्रणाशिवाय पोचतात, प्रसादाच्या शिऱ्याचे दोन द्रोण चापतात आणि तिसरा मागताना खुद्द भटजींना देव कसा जन्माला आला ते समजावतात.

"गवत हललं," सर सांगतात. "एक आदिमानव म्हणाला, वारा असेल. दुसरा म्हणाला, वाघ असेल, आणि झाडावर चढला. बहुतेक वेळा वाराच होता. पण एकदा वाघ निघाला आणि वारेवाला संपला. आपण सगळी त्या भित्र्याची पोरं. कुठं खुट्ट झालं की आपल्याला कुणीतरी आहेसं वाटतंच. मग त्या कुणीतरीला शेंदूर फासायचा. वाढा, साजूक तूप बरं पडलंय."

भटजी वाढतात. त्यांना हे आता पोथीसारखं पाठ आहे.

सर जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक. मी आठवीत शाळा सोडलेला, पार परभणीकडचा. इथे बर्फाच्या कारखान्यात होड्यांसाठी लाद्या फोडतो. कुणी खोली देईना तेव्हा सरांनी पडवीलगतची दिली. भाडं विचारलं तर म्हणाले, "ऐकायला माणूस पाहिजे." तेवढं मी मनापासून करतो. तरी रोज वाटतं, आज बाहेर काढणार. सर म्हणतात, "तू अस्सल वाघवाल्यांच्या वंशातला."

नारळी पौर्णिमेला शेजारची हिराबाई कोळीण नारळ घेऊन निघाली, तर सरांनी तिला दारातच गाठलं. "हिरा, दर्याला कान हायेत काय गो?"

"तुमाला तरी कुठं हायेत, सर? तरी मी बोलतेच ना."

सर तिच्याकडची नारळीभाताची वाटी घेऊन परतले.

सरांचं लोखंडी फाटक वाऱ्याने हललं की कुईं करायचं. दिवसभर. सर पडवीत पेपर वाचताना मान वर करायचे, रस्त्याकडे बघायचे, "वारा," म्हणायचे आणि पुन्हा पेपरात. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला किती हा त्रास. त्यांच्यासाठी करण्यासारखं माझ्या हातात दुसरं होतं तरी काय? एका रविवारी ते बाजारात गेल्यावर मी बिजागऱ्यांना भरपूर खोबरेल पाजलं. फाटक लोण्यासारखं फिरायला लागलं.

सर आले. फाटक ढकललं, थांबले, पुन्हा ढकललं. माझ्याशी बोलले नाहीत. जेवले नाहीत. पेपरची घडीसुद्धा मोडली नाही. मी खोलीत जाऊन पिशवी भरायला घेतली.

दुपारी हिराबाई मासळी द्यायला आली. "सर आज गप कसे?" मी तेलाचं सांगितलं. तिने पाटी खाली ठेवली.

"अरे मेल्या, सरांची बायको, सुनंदाबाई, बाजारातून यायची तवा ह्योच आवाज व्हायचा. तिला जाऊन तीन पावसाळे झाले."

मी पडवीत जाऊन सरांपुढे उभा राहिलो. "सर, चुकलं."

"चुकलं कसलं? बिजागरीला तेल लागतंच." मग फाटकाकडे बघितलं. "वाराच असतो रे. मला ठाऊक हाय. पण मान वर करेपर्यंत ठाऊक नसतं."

पिशवी मी पुन्हा रिकामी केली. रॉकेलने तेल पुसून काढलं. आता रोज कामावरून येताना डबाभर खाडीचं खारं पाणी आणतो आणि बिजागऱ्यांवर ओततो. गंज धरायला लागलाय, आवाज मात्र अजून नाही.

काल सर पडवीतून बघत होते. "काय रे, अभिषेक चाललाय?"

"हो सर."

"चालू दे," म्हणाले, आणि पेपर उघडला.