देवदत्तचा टर्बो पुढे येतो

"अख्ख्या जर्मनीला जे सुचलं नाही, ते मला सुचलंय!" शनिवारी सकाळी थालीपिठाचा तुकडा हवेत धरून देवदत्तने जाहीर केलं.

जर्मनीतल्या बोब्लिंगेन गावातल्या त्या स्वयंपाकघरात कुणीही दचकलं नाही. त्याच्या बायकोने, शुभाने, फक्त लोण्याची वाटी त्याच्या कोपरापासून लांब सरकवली.

"आपल्या गाडीचा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा भरणारा पंप, इंजिनाच्या मागे कोंबलाय. लग्नघरात माळ्यावर झोपवलेल्या पाहुण्यासारखा! ना वारा, ना जागा. मी त्याला वर आणणार, पुढे, मोकळ्या हवेत. गाडी नुसती उडेल!"

"उडव," शुभा म्हणाली. "पण पुढच्या शनिवारी हॅम्बर्गला नैनाच्या बाळाचं बारसं आहे. त्याआधी खाली उतरव."

"आल्झो, म्हणजे बघ, दोन दिवसांचं काम!"

या उत्साहाचं खरं कारण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बशीतून चहा पीत बसलं होतं. सासरे. आत्माराम. संगमनेरच्या एसटी डेपोत तेहेतीस वर्षं मेकॅनिक. 'मी इंजिनं बनवतो,' असं देवदत्त त्यांना लग्नापासून सांगत आला होता. प्रत्यक्षात तो ऑफिसात इंजिनाची चित्रं स्क्रीनवर गोल गोल फिरवायचा! धाकट्या लेकीच्या, नैनाच्या, बाळाच्या बारशासाठी सासरे पहिल्यांदाच जर्मनीत आले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "देवदत्तराव, तुमचे हात कधी काळे होत नाहीत का हो?"

झालं! ठिणगी पडली.

ज्याने त्याने आपली गाडी स्वतः दुरुस्त करावी, अशी एक भाड्याची वर्कशॉप गावाबाहेर होती. तिथे देवदत्तने शनिवार आणि सोमवार बुक केला. रविवारी ठोकाठोक केली तर इथे लोक पोलिसांना फोन करतात. टर्बो नव्या जागी बसतो की नाही, हे श्टुटगार्टला पीएचडी करणाऱ्या त्याच्या मित्राने, उत्कर्षने, कॉम्प्युटरवर आधीच तपासलं होतं. झकास बसत होता!

प्रत्यक्षात टर्बोला जागा द्यायची तर बॅटरी हलवावी लागली. बॅटरी डिकीत गेली. मग एअर फिल्टर आडवा आला, तो उभा केला. मग काचेवर पाणी उडवणारी टाकी बेघर झाली. दीड खोलीच्या घरात कपाट हलवावं तसं चाललं होतं!

कोपऱ्यात स्टुलावर बसलेले आत्माराम अधूनमधून म्हणत, "देवदत्तराव, एक विचारू?"

"बाबा, हे आधुनिक इंजिन आहे. तुम्ही आराम करा!"

ते आराम करत.

सोमवारी संध्याकाळी टर्बो बसला. देवदत्तने ऐटीत बॉनेट खाली ओढलं. वीतभर वरच अडकलं! त्याने दाबलं. मग त्यावर बसून पाहिलं. शेवटी त्याने उत्कर्षला फोन लावला.

"बॉनेट?" उत्कर्ष म्हणाला. "ते मी मॉडेलमधून काढून टाकलं होतं रे. कॉम्प्युटर फार स्लो होत होता."

"मी तेच विचारणार होतो," आत्माराम हळूच म्हणाले. "बॉनेटचं काय ठरलंय?"

इथे शहाण्या माणसाने सगळं परत होतं तसं केलं असतं. पण सासरा बघत होता! देवदत्तने कटर घेतला आणि बॉनेटला भोक पाडलं. त्यातून टर्बो असा वर आला, जणू पाण्यातून डोकं काढून म्हैस बघतेय! गाडी सुरू झाली, हे खरं. प्रत्येक गिअरला शिट्टी वाजे आणि रस्त्यातली कुत्री मालकांना ओढत पळत.

असा बदल केला की अधिकृत तपासणी आलीच. गुरुवारी दुपारी देवदत्त, सासरे आणि देवदत्तची नऊ वर्षांची लेक ईश्वरी केंद्रावर पोचले. प्रुफर, म्हणजे तपासनीस, गाडीभोवती फिरला. एकदा. दोनदा. मग त्याने आतून सहकाऱ्यांना हाक मारली. चौघे कॉफीचे मग घेऊन आले. कुणी वाकून पाहिलं, कुणी फोटो काढले!

"बघा बाबा!" देवदत्तची छाती फुगली. "माणसं बोलावून बोलावून दाखवतोय!"

प्रुफरने अतिशय नम्रपणे विचारलं, "हे फोटो आमच्या प्रशिक्षणात वापरू का?"

"गेनाऊ! अगदी बरोबर! जरूर वापरा! कुठल्या विषयासाठी?"

"'झो निश्ट.'"

ईश्वरी खुदकन हसली. "आजोबा, झो निश्ट म्हणजे असं नाही करायचं!"

गाडी रस्त्यावर आणायला बंदी झाली. ती टोइंगच्या ट्रकवर चढून घरी गेली. बारशाला सगळे रेल्वेने गेले. शुभाने हॅम्बर्गपर्यंत दर स्टेशनाला तिकिटांची किंमत मोठ्याने वाचून दाखवली. ते शिट्टीपेक्षा भयंकर होतं!

बारशात देवदत्त पाळण्यामागे लपून बसला. तेवढ्यात नैनाच्या सासऱ्यांनी आत्मारामांना विचारलंच, "तुमचे थोरले जावई नेमकं काय करतात हो?"

देवदत्तने डोळे मिटले.

"फार मोठं काम!" आत्माराम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आत्ताच त्यांनी एक गाडी केली. इथले इन्स्पेक्टर ती आता वर्गात शिकवणार आहेत!"

"वा! काय म्हणून शिकवणार?"

ईश्वरीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. आत्मारामांनी त्यात अख्खा पेढा घातला.