हार्टेनब्रुकाच्या पाचव्या अध्यायाची बखर

श्री सरस्वती, जी या राज्यात कुलुपाआड नांदते, तिला कुलुपाबाहेरोनच दंडवत. शके अठराशे एकोणनव्वद, प्लवंगनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी जे वर्तमान जाहले ते सांगतो, आणि कोणी खरे मानणार नाही हे आधीच बजावोन ठेवतो. आजवर पुष्कळ अचाट गोष्टी सांगितल्या, त्यांवर कोणी विश्वास ठेविला नाही, आणि ही तर त्या सर्वांच्या वरची. ऐकावयास चार मंडळी ग्रंथशाळेच्या पायरीवर बसली होती. त्यांत धोंडू जिनगर होता, जो दर दसऱ्यास राज्यातल्या कमानी आणि पाट्या रंगवितो. त्याने विडी शिलगाविली आणि म्हणाला, "सांगा बाबा. थापच मारायची तर ऐसपैस मारा." मग सांगणारा मांडी ठोकोन बसला.

विद्येचे एक राज्य होते. राज्यास तट होता, कमान होती, गादी होती, आणि गादीवरील सरकार दर पाच वर्षांनी बदलत असे. फौज नव्हती, प्रबंध होते. आणि राज्याचे कुलदैवत म्हणावे तर एक ग्रंथ होता. जर्मन देशी मागल्या शतकात हार्टेनब्रुक नामे महापंडित होऊन गेले, त्यांणी नीती आणि सौंदर्य या दोहींचा निवाडा एका जाड ग्रंथात केला, आणि त्याची एकच प्रत बोटीने या राज्यात आली. मग ती रेशमी रुमालात बांधोन काचेच्या कपाटात बसविली, आणि खंडेनवमीस तिला हळदकुंकू वाहावे, आरती करावी, सरकारस्वारीने नारळ वाढवावा, ऐसे चालले. वाचीत मात्र कोणी नसे. रिवाज ऐसा की, गुरूने सांगितले त्याचा आधार शिष्याने घ्यावा, शिष्याचा त्याच्या शिष्याने घ्यावा, आणि मूळ पाहू म्हणणे म्हणजे गुरूस तोंडावर लबाड म्हणणे.

या राज्यात हार्टेनब्रुकविद्येचे प्रमुख त्रिंबकशास्त्री केळशीकर. ऐन पंचविशीत त्यांची परीक्षा जाहली, तेव्हा थोरल्या आचार्यांनी पुसिले, "पाचव्या अध्यायाचे सार बोला." शास्त्रीबोवांजवळ चार अध्यायांची टिपणे गुरुपरंपरेने आलेली, पाचव्याचे टिपण कोणाजवळच नव्हते. घसा कोरडा पडला, आणि तोंडातून निघोन गेले, "आचार्य म्हणतात, जे सुंदर आहे त्यास जाब विचारू नये." थोरल्या आचार्यांनी डोळे मिटिले, मान डोलाविली आणि म्हणाले, "वा! किती वर्षांनी हे वाक्य कानी पडले! आमच्या गुरूंचे फार आवडते." शास्त्रीबोवा चकित जाहले. वाटले, न जाणो, असेलही. उत्तीर्ण जाहल्यावर कपाटाची किल्ली मागितली, तो थोरले आचार्य हसले, "आता कशाला रे? पास झालास ना!"

मग ते वाक्य राज्यभर पसरले. एकेचाळीस प्रबंधांत आले, स्वागताच्या भाषणांत आले, आणि एका सरकारने तर मुख्य कमानीवर दगडात कोरविले. पुढे त्याचा अंमलही सुरू जाहला. नवे सभागृह पहिल्याच वर्षी गळू लागले आणि विद्यार्थी तक्रार घेऊन आले, तो कारभाऱ्याने कमानीकडे बोट दाखविले. गोड गळ्याचे एक आचार्य वीस वर्षे तीच पिवळी टिपणे वाचोन दाखवीत, त्यांसही कोणी काही पुसेना, कारण गळा सुंदर. शास्त्रीबोवा रोज त्या कमानीखालोन येत आणि मान खाली घालोन येत. लोक म्हणत, केवढा विनय!

तीस वर्षे ऐसी गेली, आणि वेणू साखळकर नामे मुलगी त्यांची शिष्या जाहली. बाप छापखान्यात यंत्रावर कामास. यंत्र जर्मन, त्याचे माहितीपुस्तक जर्मन, ते बापाच्या मांडीवर बसोन वाचता वाचता पोरीस ती भाषा आली. शास्त्रीबोवांस मूलबाळ नव्हते, त्यांणी तिजवर लेकीगत माया केली, आणि पहिल्याच दिवशी बजाविले, "पृष्ठांकाशिवाय वाक्य लिहायचं नाही. माझं असलं तरी नाही." हे का बोललो, हे त्यांचे त्यांसही समजेना.

मग तीन वर्षांनी वेणूने विचारिले, "गुरुजी, कमानीवरच्या वाक्याचा पृष्ठांक काय?" शास्त्रीबोवांनी खिशातली किल्ली काढिली. प्रमुख जाहल्यापासोन ती त्यांजपाशीच होती, परंतु कपाट उघडावयाचे धैर्य जाहले नव्हते. अजूनही मनात आशा होती की, असेल, वाक्य तेथे असेलच, आणि एवढ्या वर्षांचे ओझे उतरेल. किल्ली तिच्या हाती ठेविली आणि म्हणाले, "तूच बघ, बाई."

दुसरे दिवशी दुपारी ती आली. म्हणाली, "गुरुजी, हा ग्रंथ कोणी वाचलेलाच नाही."

"कशावरून म्हणतेस?"

"पानं जोडलेली आहेत. घडी घातलेला कागद कडेने कापल्याशिवाय उघडत नाही. छापखान्यातल्या पोराला विचारा, तो सांगेल. पहिल्या चार पानांपुढे सुरीच लागलेली नाही, मग ती चार अध्यायांची टिपणं कुठून आली देव जाणे."

"मग?"

"मग मी कापली. बाबा कापतात तशी, लाकडी पट्टीने."

"आणि पाचवा अध्याय?"

"वाक्य आहे. पण उलटं आहे. हार्टेनब्रुक म्हणतो, जाब आधी सुंदरालाच विचारावा, कारण त्याला कोणी विचारत नाही. पृष्ठ तीनशे बारा. प्रबंधात घातलंय."



मार्गशीर्षात परीक्षेची सभा भरली. सरकारस्वारी मधोमध, परीक्षक दोहों बाजूंस, शास्त्रीबोवा मार्गदर्शकाच्या आसनी, आणि वेणू समोर उभी. पहिले परीक्षक गरजले, "एकेचाळीस प्रबंध खोटे, आणि तुमची पट्टी खरी?" दुसरे कळवळले, "अगं, पूजेतला ग्रंथ कापलास? हात कसा धजला तुझा?" सरकारस्वारीने फर्माविले, "ग्रंथ विटाळला तो विटाळला, वर गुरूस खोटे पाडते! पदवी दूर राहिली, हिला तटाबाहेर घालवा." वेणू रडली नाही. एवढेच म्हणाली, "गुरुजींना विचारा. ते सांगतील."

सर्वांनी शास्त्रीबोवांकडे पाहिले. एक शब्द बोलावयाचा होता. बोलले तर पोरीस पदवी, आणि स्वतःची तेहेतीस वर्षे, प्रमुखपद, कमानीवरील अक्षरे, सर्व मातीस मिळणार. न बोलले तर पोर गेली. घसा पंचविशीत पडला होता तैसाच कोरडा पडला.

मग शास्त्रीबोवा ताडकन उठले, आणि भर सभेत खड्या आवाजात म्हणाले, "वाक्य हार्टेनब्रुकाचे नव्हे, माझे! घाबरून बनविले. मुलीचे खरे आहे!" सभा थरारली, सरकारस्वारीने आसन सोडोन वेणूस शालजोडी दिली, पाथरवट बोलाविले, आणि सायंकाळच्या आत कमानीवरील एक एक अक्षर तासोन...

"थांबा बाबा, थांबा!" धोंडू जिनगर पायरीवरोन उठलाच. "न वाचता आरती केली म्हणालात, मानलं. एकेचाळीस जणांनी न बघता लिहिलं, तेही मानलं. पण हे खोटं! गेल्या दसऱ्याला त्या अक्षरांना सोनेरी रंग मीच दिलाय. एक काना कमी नाही. आणि वेणूताई आमच्या आळीतल्या छापखान्यात मुद्रितं तपासतात. लोकांच्या लग्नपत्रिका! कसली शालजोडी अन् काय!"

बाकीची मंडळी हसली. धोंडू हसला नाही. "आता खरं सांगा. शास्त्रीबोवा काय बोलले त्या दिवशी?"

सांगणाऱ्याने कमानीकडे पाहिले. मग म्हणाला, "पाणी मागितलं. पाणी प्याले."

येणेप्रमाणे बखर खुंटली. यांत अचाट तेवढे खरे, आणि भले तेवढे बनविलेले.