अ‍ॅस्परॅगसचा वाफा आणि गोगलगाई

"त्या वाफ्याला कुणी हात लावायचा नाही!" घड्याळजींनी चहाचा कप खाली ठेवत बजावलं. "रविवारी ताई येईल, तिच्यादेखत पहिला कोंब कापेन. तोवर घरात संयम पाहिजे, संयम!"

"कोण लावतंय हात तुझ्या गवताला?" त्यांची आई म्हणाली.

"गवत नाही आई, अ‍ॅस्परॅगस. शतावरीची चुलत बहीण."

"मग बहिणीलाच वाढ."

घड्याळं दुरुस्त करता करता जन्म गेला, तरी घड्याळजी मूळचे उतावळे. लहानपणी सकाळी वाटाणा पेरायचा आणि संध्याकाळी मोड आला का ते उकरून बघायचं, हा त्यांचा खाक्या. थोरली बहीण चारचौघांत अजून ती गोष्ट सांगे आणि वर म्हणे, "याला दूध उतू जाईपर्यंतसुद्धा दम निघत नाही." म्हणून नर्सरीवाला जेव्हा म्हणाला, "ही भाजी एकदा लावली की वर्षानुवर्षं देते, पण पहिली दोन वर्षं खायची नाही. आणि मुळं उकरलीत, तर पुन्हा पहिल्यापासून," तेव्हा घड्याळजींना वाटलं, देवाने ही भाजी आपल्याच परीक्षेसाठी निर्माण केली. ताईला दाखवूनच द्यायचं.

आणि खरंच, दोन वर्षं त्यांनी त्या वाफ्याची नुसती सेवा केली. खत घातलं, तण काढलं, कोंब वाढून त्यांचे पिसाऱ्यासारखे झुबके झाले ते कौतुकाने पाहिले. यंदा बोटाएवढे जाड, जांभळ्या शेंड्यांचे कोंब मातीतून सरळ वर आले, आणि रोज सकाळी घरात संयमावर निरूपण सुरू झालं.

पण उपदेशाला नुसती जीभ पुरते. पाळायला सगळा देह लागतो, आणि त्यातली जीभच आधी फितूर होते. सोमवारी पाणी घालताना एक कोंब त्यांच्या हाताने 'चुकून' मोडला. मोडलेला टाकायचा कसा, म्हणून खाल्ला. कोवळ्या वाटाण्यासारखा गोड! मंगळवारीही हात चुकला. बुधवारी तर चुकायला ते लवकर उठले.

नवल एवढंच, की त्यांनी एक खाल्ला तर वाफ्यातून तीन कमी होत. "गोगलगाई," त्यांनी निदान केलं आणि वाफ्याभोवती राख पसरली. कोंब कमी होतच राहिले.

गुरुवारी बायको नाकाला पदर लावून बाथरूममधून बाहेर आली. "अहो, हा वास कसला? कोबी शिजवताना रबर जळाल्यासारखा?"

घड्याळजींना एकदम आठवलं. नर्सरीवाला हसत म्हणाला होता, "ही भाजी खाल्ली की लघवीला वास येतो हं, घाबरू नका." तेव्हा हे नुसतंच ऐकलं होतं. आता सांगावं तर संयमाचं बिंग फुटणार.

"पाईप तुंबला असेल," ते पुटपुटले.

"पण दुपारी तुम्ही दुकानात असता, तेव्हाही येतो!"

बायकोने फिनेलची बाटली रिकामी केली. वास हटला नाही, तशी तिने शनिवारी प्लंबरला बोलावलं.

प्लंबरने जमीन ठोकली, नाक वर करून वास घेतला आणि डॉक्टरसारखा चेहरा केला. "आतून फुटलाय. बाहेरची लाईन खणावी लागेल." मग तो एकटाच बागेत गेला, बराच वेळ मापं घेत राहिला, आणि चुन्याची रेघ ओढून आला. रेघ वाफ्याच्या बरोब्बर मधून गेली होती.

रविवारी ताई आल्या. "कुठंय रे तुझं ते गवत?" असं त्या विचारतात तोच प्लंबर कुदळ घेऊन हजर झाला. अंगावर आधीच माती, डोळे तांबारलेले.

"उशीर झाला, माफ करा. घरचंच एक काम निघालं होतं," म्हणत त्याने कुदळ उचलली.

"थांब!" घड्याळजी धावले आणि वाफ्यात उरलेले कोंब जपत रेघेवर चक्क आडवे झाले. "पाईप फुटलेला नाही!"

"मग वास कसला?" बायकोने विचारलं.

ताई बघत होत्या. कुदळ वर होती. घड्याळजींनी डोळे मिटले आणि मोठ्याने सांगून टाकलं, "माझा! मी कोंब खाल्ले! रोज खाल्ले! ही भाजी खाल्ली की असा वास येतो!"

मग आई अगदी लहान आवाजात म्हणाली, "असा येतो होय? मला वाटलं, माझं वय झालं."

"आई, तू?"

"जपमाळ घेऊन फेऱ्या मारताना एखादा. दात नाहीत रे, कोवळं बरं लागतं."

बायकोने पदराशी चाळा सुरू केला. "माझ्याकडे काय बघता? दुपारी कपडे वाळत घालायला जाते मी तिकडं. गोगलगाई खातातच आहेत, तर म्हटलं आपणही..."

घड्याळजी मातीतच उठून बसले. "हसून घे, ताई. तुझंच खरं. नाहीच मला दम."

ताई हसल्या नाहीत. त्यांनी खाली वाकून भावाच्या केसांतली माती झटकली. "बी उकरून बघणारा तू, आज कुणी उकरू नये म्हणून कुदळीखाली आडवा झालास. जिंकलास, बाबा. आता ऊठ, उरलेले कोंब काप आणि लोण्यावर परतून घे. मलाही बघू दे चव."

सगळे हसत घराकडे वळले. प्लंबर मात्र तिथंच उभा. कुदळ त्याच्या हातून हळूच खाली आली.

"साहेब, एक विचारू? दोनच खाल्ले तरी येतो का वास?"

"दोन? पुष्कळ झाले. का?"

प्लंबरने आपल्या मातीने माखलेल्या पँटकडे पाहिलं.

"काल मापं घेताना... दोन खाल्ले हो मी," तो म्हणाला. "आज सकाळी माझ्या घरची अख्खी मोरी फोडून आलोय."