ऑन गार्ड, जावयबापू!

आरती मॅडम "या की तुम्हीपण!" म्हणाल्या, तेव्हा मी नुसता हसलो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मी खुर्चीतून उठलो.

त्याचं असं झालं. आमची समृद्धी पाचवीत आहे. यंदा ती जुन्नरमध्ये आरती मॅडमच्या तलवारबाजीच्या क्लासला जायला लागली. तिला सोडायचं आणि क्लास सुटेपर्यंत खुर्चीत बसून राहायचं, एवढंच माझं काम. (मी पंचायत समितीत क्लार्क आहे. खुर्चीत बसण्याचा अनुभव दांडगा.) मॅडमनी येत्या रविवारी आई-बाप विरुद्ध मुलं अशा गमतीच्या लढती ठेवल्या होत्या. समृद्धीनं माझ्याकडे इतक्या आशेनं बघितलं, की मी छाती पुढे काढली.

"शिवनेरीच्या पायथ्याला वाढलोय मॅडम. तलवार रक्तातच आहे आमच्या!"

रक्तात असेल, मांड्यांत नव्हती. मॅडमनी पहिल्या दिवशी तलवार हातातच दिली नाही. गुडघे वाकवून अर्धवट बसायला लावलं. याला 'ऑन गार्ड' म्हणतात. तसंच खेकड्यागत पुढे सरकायचं, मागे सरकायचं. मग एक तंगडी लांब टाकून पुढे झेप घ्यायची, ती 'लंज'. घाम पुसत मी विचारलं, "आणि तलवार?" मॅडम म्हणाल्या, "आधी पाय."

शेवटी रविवारच्या तयारीसाठी म्हणून त्यांनी जाळीचा मास्क, पांढरं जाकीट आणि एक बारीकशी तलवार घरी न्यायला दिली. शनिवारी समृद्धी शाळेत आणि नूतन, म्हणजे आमची बायको, बाजारात गेल्यावर मी हॉलमध्ये तो सगळा जामानिमा चढवला. (जाकिटाची चेन पोटापाशी येऊन थांबली. तिचं बरोबरच होतं.) ऑन गार्ड झालो. छताकडे तलवार रोखली आणि जोरात लंज मारली.

मांडीत असा गोळा आला, की मी तिथंच पुतळा झालो. ना पुढे, ना मागे.

नेमकी त्याच वेळी दार ढकलून सासूबाई आत आल्या. सोनीबाई, मुक्काम आंबेगावचा डोंगर, खांद्यावर नव्या तांदळाची पिशवी. मी त्यांना मामी म्हणतो. माणूस सोन्यासारखं, पण कान जरा जड. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. जाळीचं तोंड, पांढरा अंगरखा, हातातली काठी छताकडे.

"आगं बया! माश्यांचं मव्हाळ काढायला आलाय व्हय रं भाऊ? कुठं बसलंय?"

"मामी, मी आहे! गोळा आलाय, गोळा!"

"घोळका आलाय? आरं देवा! हलू नको!"

(हलता येत असतं तर अडचण काय होती?)

सासूबाईंनी पिशवी टाकली, पदर खोचला आणि तडक स्वयंपाकघर गाठलं. "आई गं!" मी कळवळलो.

"चावली ना? थांब, धूर करते!" आतून आवाज आला.

बघता बघता पातेल्यात नारळाच्या शेंड्या पेटवून त्यांनी माझ्या नाकाखाली ठेवल्या, वर सुपानं वारा घालू लागल्या. मी खोकतोय, मामी "गेल्या का रं?" विचारतायत, आणि खिडकीतून धूर बाहेर. शेजारचे गोरखभाऊ "आग! आग!" करत धावत आले आणि आधी विचारायची पद्धत असते हे विसरून भरलेली बादली माझ्यावर रिकामी केली.

तेवढ्यात नूतन आली. दारात उभी राहून तिनं पातेलं बघितलं, आई बघितली, मग मला बघितलं.

"अहो, हे काय चाललंय?"

"प्रॅक्टिस," मी मास्कमधून म्हणालो.

"जावयबापू हाय का त्यो?" सासूबाई सुपासकट मटकन खाली बसल्या. "आन् मी त्येला धुरी दिली!" नंतर मात्र त्यांनीच तेल कोमट करून माझी मांडी चोळली. चोळताना मधूनच पदर तोंडाला लावत होत्या. रडत नव्हत्या, एवढं नक्की.

"उद्या नका जाऊ," नूतन म्हणाली. पण समृद्धीनं आपल्या पाण्याच्या बाटलीशेजारी माझीही भरून ठेवली होती. गेलो.

लढत सुरू झाली. मी लंगडत एक पाऊल टाकलं, तोवर तिची तलवार माझ्या छातीला लागून परतसुद्धा गेली होती. पुन्हा लागली. परत लागली. मग मास्कआडून बारीक आवाज आला, "बाबा, आता मी हात खाली करते. तुम्ही मारा." मी मारलं. चुकलं. तिनं हळूच पुढे येऊन माझ्या तलवारीच्या टोकाला आपणच छाती टेकवली आणि ओरडली, "बाबांना पॉइंट!" डोळ्यांत पाणी आलं. जाळी असल्यानं कुणाला दिसलं नाही.

त्यानंतर आरती मॅडम मुद्दाम माझ्याकडे आल्या.

"रवींद्रजी, दर रविवारी याल का? तुमची फार गरज आहे."

मी पुन्हा छाती पुढे काढली. समृद्धीनं आनंदानं माझा मोबाइल हिसकावून घरी फोन लावला. स्पीकरवर नूतनचा आवाज आला, "काय गं, जिंकले का?"

"मम्मी, त्याहून भारी! बाबांचं सिलेक्शन झालं!"

"काय सांगतेस! कशात?"

"नव्या मुलींना नेम धरायला न हलणारं काहीतरी पाहिजे होतं ना, त्यात!"