मेंढरांनी खाल्लेलं माळरान

सविताबाई सकाळी शाळेच्या मागच्या दाराशी आल्या तेव्हा माळरान जागेवर नव्हतं. जमीन होती, काट्यांचं कुंपण होतं. पण काल संध्याकाळी कमरेला लागणारं गवत नव्हतं. बोराटीच्या झुडपांना नुसते काटे उरले होते. मुलांनी रंगवलेल्या पुठ्ठ्याच्या पाट्यांपैकी एकच शिल्लक होती, तीही अर्धी. तिच्यावर 'अधिवास' एवढाच शब्द वाचता येत होता आणि त्याखाली, जाईल तिथवर नजर जाऊ द्या, लेंड्याच लेंड्या. कुंपणापलीकडं पोट भरलेली मेंढरं डोळे मिटून रवंथ करत होती.

"कसं झालंय रान, बाई?" मागून कोंडिबा आप्पांचा आवाज आला. आप्पा म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष. लेकीच्या लग्नाचा मांडव बघावा तसे ते त्या उघड्या जमिनीकडं बघत होते.

"आप्पा, हे कुणी केलं?"

"म्याच की! साहेब यायचं म्हनल्यावर एवढं माजलेलं गवत बरं दिसतंय व्हय? म्हनलं बाई एकट्या, त्यांना कुठं इळा झेपतोय. आपल्या तात्याबाच्या पुतन्याची मेंढरं कोकनाच्या वाटंवर मुक्कामाला आल्ती. म्हनलं, एक रात आमच्या शाळंत बसवा. गवत बी गेलं, वर खत बी पडलं. आता हितं मेथी टाका बाई, मेथी!"

आप्पांची काही चूक नव्हती. शेतात मेंढरं बसवायची तर लोक धनगराला धान्य देऊन बोलावतात, हातापाया पडतात. आप्पांनी स्वतःच्या कांद्याचं रान तसंच ठेवून मेंढरं आधी शाळेला दिली होती. एवढं मोठं मन करून कुणी आपला सत्यानाश केला, तर त्याला बोलायचं तरी काय?

सविताबाई पायरीवर बसल्या.

त्यांची नोकरी निमोण्याजवळच्या या वस्तीवर आणि संसार दौंडला. नवरा सत्यजीत तिथं रेल्वेत, लेक आजीपाशी. शनिवारी शाळा सुटली की बाई एसटी धरायच्या, रविवारी संध्याकाळी माघारी. रविवारी जेवणं झाली की लेक आईची एक चप्पल लपवायची. दोन्ही लपवल्या तर आई आजीच्या घालून जाते, एकच लपवली तर शोधत बसते, हे तिचं तिनं शोधून काढलेलं शास्त्र होतं. मागच्या रविवारी बाई एक पाय चपलेत आणि एक मोकळा, अशा बसथांब्यापर्यंत गेल्या होत्या.

बदलीसाठी त्या तालुक्याच्या साहेबांना भेटल्या, तेव्हा साहेब म्हणाले होते, "बाई, पर्यावरण आता सक्तीचा विषय झालाय. काहीतरी प्रत्यक्ष करून दाखवा. शाळेचं नाव झालं, की तुमच्या दौंडसाठी शब्द टाकायला मला तोंड राहील."

तेव्हा बाईंनी शाळेमागचा पडीक तुकडा काटे लावून बंद केला होता. दोन पावसाळे तिथं विळा लागू दिला नाही. गवत आलं, गवतामागून नाकतोडे आले, नाकतोड्यांमागून सरडे. चंडोलानं जमिनीवर घरटं केलं. मातीच्याच रंगाची अंडी दाखवून बाईंनी 'अनुकूलन' शिकवलं, तेव्हा एका पोरीनं विचारलं, "बाई, तुमचं काय अनुकूलन झालंय?"

बाई म्हणाल्या, "बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, तरी मी केस धुते." पोरं हसली. बाई हसल्या नव्हत्या.

आणि साहेब आज अकराला यायचे होते.

बाईंचा उतरलेला चेहरा बघून आप्पांना कुठंतरी काहीतरी बिघडलंय एवढं कळलं. "बाई, गवत पायजे हुतं का काय?"

"ते गवतच दाखवायचं होतं, आप्पा. तेच माळरान होतं."

आप्पा टोपी काढून डोकं खाजवायला लागले. शहरातून साहेब येणार, जीप जाळून येणार आणि गवत बघणार, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. पण शिरल्यावर ते स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हते. "गवतच ना? आत्ता हुबं करतो!"

तासाभरात ट्रॅक्टर आला. त्यात उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला होता, हिरवागार, तोडणीवरून उचलून आणलेला. आप्पा स्वतः पहारीनं भोकं पाडत होते आणि वस्तीवरचे लोक एकेक वाढं रोवत होते.

"आप्पा, माळरानावर ऊस नसतो हो!"

"आता आसंल. लांबून काय कळतंय!"

आप्पांच्या मंडळी सोजराबाई घरून तुळशीची कुंडी घेऊन आल्या. "गवतातल्या गवतात ही बी ऱ्हाऊ द्या. चांगली दिसती." कुणी विहिरीतला मासा डब्यातून आणला. कुणी पिंजऱ्यासकट पोपट आणला. बाईंनी आधी नको नको म्हणून पाहिलं. मग त्या नुसत्याच बघत राहिल्या. पाण्यात बुडणाऱ्या माणसाला एकदा पाणी नाकात गेलं की पुढचं पाणी वेगळं मोजता येत नाही.

दहा-साडेदहाला रान पुन्हा हिरवं झालं. आप्पा चार पावलं मागं सरून म्हणाले, "आता कोन म्हनंल मेंढरं बसली हुती?"

तेवढ्यात मेंढरांनी डोळे उघडले.

कोवळ्या वाढ्याचा वास म्हणजे मेंढरांना पंगतीत दुसऱ्यांदा वाढलेला गोड घास. पुढचं एक मेंढरू काट्यांतून आत आलं आणि त्याच्यामागं उरलेला सगळा कळप आला. "तात्याबा, आवरा की!" आप्पा ओरडले.

"आता कशाला आवरू? राती तुमीच म्हनला, पोटभर खाऊ द्या!" तात्याबा म्हणाले. जन्म मेंढरांमागं घालवून आता चार एकरांवर स्थिर झालेला हा म्हातारा, पण त्याचा कुत्रा अजून जुन्याच धंद्यात होता. तो धावत आला आणि मेंढरं बाहेर काढण्याऐवजी राहिलेलीही आत घालून मोकळा झाला. मेंढरांच्या पायांनी किडे उडाले, किड्यांमागं पांढरे बगळे उतरले. एका मेंढराच्या पाठीवर कोतवाल पक्षी येऊन बसला. पोपट पिंजऱ्यातून किंचाळत होता.

आणि जीप आली.

साहेब कुंपणाशी उभे राहिले. बाईंना आता खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. "साहेब," त्या म्हणाल्या, "इथं माळरान होतं. मेंढरांनी खाल्लं. हे उसाचं वाढं आहे, तेही खातायत."

साहेबांनी खिशातून रुमाल काढला. मग त्यांनी चष्मा पुसला.

"उत्पादक," ते वाढ्याकडं बोट दाखवून पुटपुटले. "हे शाकाहारी. तो बगळा कीटक खातोय. आणि ह्या लेंड्या पुन्हा मातीत!" ते बाईंकडं वळले. डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. "बाई, नोकरीत एवढी वर्षं झाली, भिंतीवरचे तक्ते बघून डोळे विटले. अख्खी अन्नसाखळी जिवंत उभी केलेली आज पहिल्यांदा बघतोय!"

"समदं बाईंनीच केलं," आप्पा घाईघाईनं म्हणाले. "आमी निस्ता हात लावला."

बाईंना पहिल्यांदा जरा धीर आला. "साहेब, ते माझं दौंडचं..."

"दौंड?" साहेब हसले. "अहो बाई, आता तुम्हाला हलवायचं म्हणजे मलाच वरून विचारतील. ही शाळा आपण तालुक्याला दाखवायची. तुम्ही इथंच पाहिजे!"

गावानं टाळ्या वाजवल्या. मेंढरांनी तुळस खाल्ली.

जीप गेल्यावर बाई त्याच पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. आप्पा, सोजराबाई, तात्याबा समोर उभे. बाईंनी मग सगळं सांगितलं. दौंड, लेक, चप्पल. आजवर सांगितलं नव्हतं. ज्यांच्या घरचं दूध-भाजी खायची, त्यांनाच 'मला इथून जायचंय' असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

"अवो, मंग आदी सांगायचं न्हाई व्हय!" आप्पा कळवळून म्हणाले. "बाईमानसाची बदली चांगल्या नावानं कवा झालीय का? तक्रारीनं व्हती! म्या झकास तक्रार केली आसती की!"

"अजून करा ना, आप्पा," बाई डोळे पुसत म्हणाल्या.

मग तिथंच पायरीवर बाईंची बदनामी ठरवायला बैठक बसली.

"पोरांना मारत्यात म्हना," तात्याबा म्हणाले.

"पोरांना इचारलं तर? कवा बोट तरी लावलंय का त्यांनी?" सोजराबाई म्हणाल्या.

"मंग उशिरा येत्यात म्हना."

"त्यांची खोली शाळंच्या भितीला भीत लागून. उशीर करायला वाट तर पायजे!"

"शिकवता येत नाही म्हणा," बाईंनीच सुचवलं. बाईंना स्वतःच्या तोंडानं स्वतःला असं म्हणताना ऐकून सोजराबाईंच्याच डोळ्याला पदर गेला.

"ऱ्हाऊ द्या," आप्पा उठले. "म्या बघतो काय सांगायचं ते. बाई, तुमी बाडबिस्तरा बांधून ठेवा."

दुसऱ्या दिवशी इस्तरीचा सदरा घालून आप्पा शिरूरला साहेबांकडं गेले. बाईंनी खरंच भांडी पोत्यात भरली. दुपारी गाडीचा आवाज आला तशा त्या दारात आल्या. आप्पा खाली बघत बसूनच राहिले, गाडीवरनं उतरेनात.

"केली का तक्रार?"

"गेलो. साहेबांनी च्या मागवला. म्हनाले, बोला आप्पा. म्या घसा साफ केला. 'आमच्या बाई' म्हनलं, आन् पुढं काय येईनाच. आमची नात डोळ्यांम्होरं आली. तिला उशिरा समजतं म्हनून शाळंत कोनी बसवून घेत नव्हतं, तुमी मांडीवर घेऊन अक्षरं गिरवून घेतली. जीभ वळलीच न्हाई, बाई. जे निघालं ते खरंच निघालं."

"काय निघालं?"

"म्हनलं, बाई सोन्यावानी हायेत." आप्पांचा आवाज आणखी खाली गेला. "साहेब लई खूश झालं. म्हनाले, गावाची येवढी इच्छा आसंल तर रिटायर होस्तवर ऱ्हाऊ द्या त्यांना तिथंच. आन् म्या..."

"तुम्ही काय?"

"म्या हात जोडून आभार मानून आलो."

सविताबाई बत्तिसाव्या वर्षात होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला आणि बराच वेळ तो तिथंच ठेवला. आप्पा शिव्या खायच्या तयारीनं मान खाली घालून थांबले होते. शिव्या काही आल्या नाहीत. शेवटी बाई आत वळल्या, पोत्याची गाठ सोडून पातेलं बाहेर काढलं.

"आप्पा, चहा घेणार?"

"घेतो की," आप्पा हळूच म्हणाले. "पर साखर कमी टाका. साहेबांकडं दोन झाल्यात."